आधी केस, मग किरण

आमच्या सान तादेओ गावच्या प्रभूचे केस खरे आहेत. बाकीचं लाकूड. डोळे काचेचे, अंगावरचा झगा जांभळ्या मखमलीचा, खांद्यावरचा क्रूस देवदाराचा. पण केस गावातल्याच कुठल्यातरी बाईच्या डोक्यावर वाढलेले. कुणी नवस बोलते, नवस फळतो, मग ती आपली वेणी मुळापासून कापते, धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात बांधते आणि देवळाच्या मागच्या खोलीत ठेवून जाते. नाव सांगत नाही, आम्ही विचारत नाही. वेणी ओळखू आली तरी ओळखायची नाही, अशी रीत आहे.

प्रभूच्या कपड्यांची नि केसांची सेवा आम्हा बायकांकडे. त्याच्या डोक्यावरचे चांदीचे तीन किरण मात्र पुरुषांकडे, म्हणजे बंधुमंडळाच्या प्रमुखाकडे. ते किरण म्हणजे त्याचं देवपण, असं लहानपणापासून आम्हाला शिकवलेलं. गुड फ्रायडेच्या सकाळी आधी आम्ही केसांचा टोप बसवतो, विंचरून घेतो, आणि मग प्रमुख शिडीवर चढून केसांत बोटं घालतो, लाकडातली भोकं चाचपून काढतो, एकेक किरण खोवतो. आधी केस, मग किरण. उलटं करता येत नाही. टोपाला आतून चामड्याची पट्टी असते, तिच्यातून गेला तरच किरण ताठ उभा राहतो.

मी ओब्दुलिया. लग्न केलं नाही, म्हणून साठी उलटली तरी गाव मला नीन्या ओब्दुलिया म्हणतं. नीन्या म्हणजे पोरगी. हसायचं असेल त्याने हसावं, मला सवय झाली आहे. पहाटेची जपमाळ झाल्याशिवाय मी चूल पेटवत नाही आणि कुणाशी बोलत नाही; शुक्रवारी मीठ नाही; उपवासकाळात साखर नाही. आवाज जन्मापासून बारीक. मला ऐकायचं तर समोरच्याला गप्प बसावं लागतं, आणि हा त्याचा एक फायदाच आहे.

माझी वेणीही एकदा त्या डोक्यावर होती. आईच्या दुखण्यातला नवस, मी तेव्हा विशीच्या आत. मिरवणुकीत वाऱ्याने एक बट त्याच्या गालावर आली आणि मी गर्दीत उभी, माझ्याच गालावरून हात फिरवला. तिथे तर बट उरलेली नव्हती. तेव्हापासून प्रभू देव की माणूस असं कुणी विचारलं तर मी दोन्ही म्हणते. फादरही तेच म्हणतात. पण त्यांना ते पुस्तकातून कळलं आहे.

यंदा उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, आम्ही पेटी उघडली तर जुन्या टोपाला कसर लागलेली. हात लावला की केस गळून येत. त्रान्सितोने तो टोप उन्हात धरला आणि म्हणाली, "प्रभूला चाळिशी लागली गं." त्रान्सितो बाजारात कोंबड्या विकते. पवित्र आई मरियेची पालखी उचलणाऱ्या बायकांची ती नाईक, खांदा बैलाचा आणि जीभ तिखट. मी तिला दरवर्षी सांगते की देवळात तरी जपून बोल. ती दरवर्षी हो म्हणते.

नवे केस कुठून येणार याची चिंता करायला लागलीच नाही. दुसऱ्याच दिवशी मागच्या खोलीच्या खिडकीत पांढरं फडकं. सोडलं तर आत गुडघ्यापर्यंत पोचेल अशी वेणी, रंग दालचिनीचा. तसा रंग आमच्या गावात एकाच डोक्यावर होता. आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही.

फिदेलिना बस थांबते तिथे दारूचं दुकान चालवते. नवरा कधी नव्हता. एवेलियो नावाचा मुलगा आहे, तो गेल्या वर्षी सीमा ओलांडून काम शोधीन म्हणून उत्तरेकडे निघून गेला, आणि वाळवंटाच्या अलीकडे कुठेतरी त्याचा संपर्क तुटला. तिने फोन रात्री उशाशी ठेवला, दिवसा कमरेशी, दुकानात गल्ल्यावर. राखेच्या बुधवाराच्या आदल्या दिवशी तो वाजला. पोरगा जिवंत होता, सीमेच्या एका गावात अडकलेला, पलीकडे जायचं बाकी. तिने गिऱ्हाइकांना हाकललं, भर दुपारी दुकान बंद केलं. हे सगळ्या गावाने पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून तिच्या डोक्याला रुमाल.

आम्ही त्या वेणीला बाबुण्याच्या फुलांच्या पाण्यात घातलं होतं, तेव्हा दॉन कासिमिरो आत आला. बंधुमंडळाचा प्रमुख तो, औषधांचं दुकान त्याचं. माणूस वाईट नाही हे आधीच सांगते. किरण तो स्वतःच्या घरी मखमलीच्या डबीत ठेवतो आणि लिंबू-राखेने घासतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. प्रभूवर त्याचा जीव आहे. फक्त तो प्रभूला नेहमी खालून वर पाहतो. आम्ही त्याला न्हाऊमाखू घालतो, त्याच्या काखेतली जळमटं काढतो, झग्याची शिवण उसवली तर तोंडात टाचण्या धरून त्याच्या पायाशी बसतो. त्याने आमचं पाहणं वेगळं झालं असणार.

त्याने पाण्यात पाहिलं आणि विचारलं, "हे केस कुणाचे?"

त्रान्सितो म्हणाली, "प्रभूचे."

"मी कुणाचे होते ते विचारतोय."

"होते ते होते. आता प्रभूचे."

तेव्हा त्याने नाव घेतलं. फिदेलिनाचे आहेत, म्हणाला, आणि पुढे तिच्या दुकानाबद्दल आणि तिथे काय चालतं त्याबद्दल दोन वाक्यं बोलला, ती मी इथे लिहीत नाही. त्या खोलीत आजवर कुणी नाव घेतलं नव्हतं. माझ्या आधी ही सेवा करणाऱ्या मावशीने नाही, तिच्या आधीच्या बायकांनी नाही. त्रान्सितोच्या हातातून वेणी पाण्यात सुटली. मी ती बाहेर काढली, पिळली आणि वाळत घातली. तो जाईपर्यंत मी विंचरत राहिले. हे त्याला उत्तर होतं. पण माझं उत्तर त्याला ऐकू आलं नसावं.

पुढच्या आठवड्यात राजधानीहून एक खोकं आलं. कासिमिरोने ते स्वतः उघडून दाखवलं. आत नायलॉनचं गंगावन, काळंभोर, चकचकीत, कारखान्याच्या पिशवीचा वास येणारं. कसर लागणार नाही, ऊ होणार नाही, धुतलं की झटकून वाळतं, असे त्याचे गुण सांगितले. आणि मग जे त्याला सगळ्यात मोठं वाटत होतं ते: "आणि मुख्य म्हणजे, यात कुठल्याच बाईचं काही नाही. शुद्ध आहे."

मी म्हटलं, फादरांना विचारू.

फादर अबेलिनो तरुण आहेत, तीन गावं त्यांच्या गळ्यात, मोटारसायकलवर येतात आणि मिस्सेची उपासना संपली की घड्याळ बघतात. रविवारी मिस्सेनंतर त्यांना आम्ही मागच्या खोलीत गाठलं. एका बाजूला मंडळाचे पुरुष, एका बाजूला आम्ही, मध्ये टेबलावर एका हाताला खोकं आणि दुसऱ्या हाताला पांढरं फडकं. फादरांनी दोन्हींकडे पाहिलं. कुठेतरी दुसऱ्या गावी जायला उशीर होतोय असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

कासिमिरो बराच वेळ बोलला. थोडक्यात म्हणणं असं की प्रभू देव आहे. माणसाचं रूप त्याने घेतलं ते आपल्यासाठी, पावसात घोंगडं घ्यावं तसं. आतला देव त्याने भिजला नाही. तेव्हा देवाच्या डोक्यावर काय बसायचं याला काही मर्यादा हवी. पलीकडच्या गल्लीतले टाळ्या वाजवणारे नवे ख्रिस्ती आधीच आपल्याला हसतात. उद्या म्हणतील, कॅथलिकांच्या देवाने दारूवालीचे केस घातले.

त्रान्सितोला हे सहन झालं नाही. तिने त्या बाईची आठवण करून दिली जिने भर जेवणात प्रभूचे पाय आसवांनी भिजवले आणि आपल्या केसांनी पुसले. तेव्हा त्याने पाय मागे घेतले नाहीत, म्हणाली.

कासिमिरो तयारच होता. "ते पाय होते, त्रान्सितोबाई. इथे डोक्याचा प्रश्न आहे."

पुरुषांतले काहीजण हसले. त्रान्सितोची मान लाल झाली. फादर खिडकीबाहेर बघायला लागले. तेव्हा मी बोलले. मी बोलायला लागले की लोकांना गप्प बसावं लागतं हे मी सांगितलंच आहे.

"फादर, तो पूर्ण देव आहे ना?"

"पूर्ण."

"आणि पूर्ण माणूस?"

"पूर्ण माणूस. अर्धा-अर्धा नाही, मिसळलेलाही नाही. हे चर्चने फार पूर्वीच ठरवलंय, नीन्या ओब्दुलिया."

"पूर्ण म्हणजे केसांसकट?"

फादर पहिल्यांदाच घड्याळ विसरले असं मला वाटलं. "केसांसकट," म्हणाले. "हो. केसांसकट, नखांसकट."

"मग ते केस त्याला कुणाकडून आले? बापाकडून तर नाहीत. बाप आत्मा आहे, त्याला केस नाहीत. ते आईकडून आले. पोटातून घेऊनच आला तो. आणि आईच्या मागे आजी, तिच्या मागे पणजी. त्याच्या घराण्याची नावं तुम्ही दर डिसेंबरात वाचता. त्यात राहाब आहे, यरीहोच्या तटावर पुरुषांना दार उघडणारी. तिचं दुकान कशाचं होतं ते दॉन कासिमिरो यांनाही माहीत असेल."

कासिमिरो म्हणाला, ती तर जुन्या करारातली गोष्ट. मी म्हटलं, केस जुन्या करारातूनच लांबत आले. यावर पुरुषांतलेच दोघे पुन्हा हसले आणि मग आपण चुकीच्या बाजूला हसलो हे कळून गप्प झाले.

मी खोक्यातलं गंगावन उचलून दाखवलं. "हे म्हणता कुठल्याच बाईचं नाही. जे कुठल्याच बाईचं नाही ते त्याचं कसं होईल? तो तर बाईचाच होता. एवढा एकच त्याचा माणसांशी संबंध. तो कापून टाकलात तर वर किरण राहतील आणि खाली लाकूड."

फादरांना निर्णय द्यायला हवा होता. त्यांनी दिला नाही. प्रश्न श्रद्धेचा नसून व्यवस्थेचा आहे, तो मंडळाने सोडवावा, असं म्हणून ते मोटारसायकलवर बसले. मंडळाने हात वर करून ठरवलं. आमचे हात मोजायची रीत नाही. नायलॉन ठरलं.

त्रान्सितोने मागच्या खोलीची किल्ली कमरेतून काढून टेबलावर ठेवली. "मग तुमचं तुम्हीच बसवा," म्हणाली. "आणि अंघोळही तुम्हीच घाला."

संध्याकाळी उजेड होता तोवर मी फिदेलिनाच्या दुकानात गेले. उभ्या आयुष्यात त्या दारातून आत गेले नव्हते. दोन म्हातारे टेबलाशी होते, मला पाहून त्यांनी टोप्या काढल्या आणि बाटल्या मांडीखाली घेतल्या. फिदेलिनाने स्टूल पुसलं, माझ्यापुढे चिंचेचं सरबत ठेवलं. उपवासकाळात मी साखर घेत नाही, पण ते मी प्यायले. ते व्रत मी नंतर दुसऱ्या रीतीने भरून काढलं.

मी काय झालं ते सांगितलं. तिला ते आधीच कळलेलं होतं. तिच्या दुकानात सगळं आधी कळतं. तिने रुमाल मागे सारला. मान उघडी पडली, पोरासारखी, गोरीपान. उन्हाने कधी न पाहिलेली.

"मला मान नको, नीन्या," ती म्हणाली. "त्यांनी मला देवळातल्या शेवटच्या बाकावर बसवावं, नाहीतर बाहेर उभं करावं. पण नवस बोलले तेव्हा मी असं बोलले होते की माझे केस तुझ्या डोक्यावर घालीन. पेटीत ठेवीन असं नव्हते बोलले. एवेलियो अजून पलीकडे गेलेला नाही. अर्धा नवस फेडला तर प्रभू अर्ध्या रस्त्यात सोडेल का त्याला?"

मी म्हटलं, प्रभू तसा नाही.

"तो नसेल. पण मी काय करू, मला भीती वाटते." मग ती गल्ल्यावरचा लाकडी पाट पुसत राहिली. "मंडळातल्या किती जणांना हे केस माहीत आहेत ते मी बोलत नाही. तोंड बंद ठेवायची मला धंद्याचीच सवय आहे. पण हात वर करताना त्यांना काही आठवलं नसेल असं मला वाटत नाही."

मी तिला शब्द दिला. तुझी वेणी त्याच्या डोक्यावर बसेल, याच गुड फ्रायडेला, सगळ्या गावासमोर. मी शब्द कमी देते. देवाला दिलेल्यांनीच माझा दिवस भरतो.

दुसऱ्या दिवसापासून जपमाळ झाली की मी खिडकीत बसे. जुन्या टोपाची चामड्याची पट्टी आणि फडक्यातली वेणी मी घरी आणली होती, ती कुणी मागितली नव्हती. तिच्यावर नवं कापड, आणि कापडावर एकेक बट, एका बटेला एक नमो मरिया. चोरून काही केलं नाही. खिडकी रस्त्यावर उघडते. येणारा-जाणारा पाहत होता, दॉन कासिमिरोही एकदा पाहून गेला. त्याला वाटलं असेल, म्हातारीला काहीतरी विरंगुळा हवा. बायका मात्र एकेक करून येऊन बसायला लागल्या. कुणी बटा जुळवून दिल्या, कुणी सुईत दोरा ओवून दिला. त्रान्सितोने अंडी आणली. आम्ही तिथे काय ठरवलं हे कुठल्याही पुरुषाने विचारलं असतं तर सांगितलं असतं. विचारलं नाही कुणी.

आता गुड फ्रायडेच्या सकाळची आमच्याकडची रीत सांगते. क्रूस घेतलेला प्रभू देवळाच्या उजव्या दाराने निघतो, पुरुषांच्या खांद्यावर. आई डाव्या दाराने, बायकांच्या खांद्यावर. दोघं वेगवेगळ्या रस्त्यांनी गाव फिरतात आणि बस थांबते त्या चौकात समोरासमोर येतात. तिथे आई लेकाला ओळखते. आईची पालखी तीनदा वाकते, प्रभूची तीनदा वाकते, आणि मग दोघं एका रस्त्याने पुढे जातात. ही भेट होईपर्यंत कुठलीही पालखी खाली टेकवायची नाही. लाकूड भिजलं असो की खांदा सोलला असो.

त्या सकाळी रस्ताभर रंगीत भुश्याच्या रांगोळ्या होत्या, कोरोसो ताडाच्या तुऱ्यांचा ओला, गोड वास चौकात भरला होता. मी आईच्या पालखीला लागून चालत होते. तिच्या काळ्या मखमलीच्या झग्याची कड सांभाळणं हे माझं काम. प्रभू समोरून आला. नायलॉन उन्हात डांबरासारखं चमकत होतं. वारा चांगला होता, फुलांच्या माळा हलत होत्या, पण त्याच्या डोक्यावरचं काही हलत नव्हतं. किरण तिरके झाले होते. त्या गंगावनाला आतून पट्टी नव्हती, म्हणून तांब्याच्या तारेने बांधलेले. तार कानामागे दिसत होती.

दोन्ही पालख्या समोरासमोर थांबल्या. बँड थांबला. सगळं गाव आईच्या वाकण्याची वाट पाहत होतं.

त्रान्सितोने हात वर केला नाही. आई वाकली नाही.

पहिल्यांदा लोकांना वाटलं, कुणाचा पाय मुरगळला. मग कुजबुज. कासिमिरो मधल्या रिकाम्या जागेतून आमच्याकडे चालत आला, रांगोळी तुडवत. हळूच म्हणाला, "वाकवा."

त्रान्सितो म्हणाली, "ती वाकत नाहीये."

"म्हणजे काय?"

"तिला विचारा."

तो माझ्याकडे वळला. मी म्हटलं, "आई लेकराला केसांवरून ओळखते, दॉन कासिमिरो. हे केस तिच्या बाजूचे नाहीत. हा कोण आहे ते तिला कळत नाहीये. तिची चूक नाही."

मी नेहमीच्याच आवाजात बोलले, पण चौक इतका शांत होता की ते मागच्या भिंतीपर्यंत गेलं. चर्चच्या पायरीवर बसणारा एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "आईच ओळखत नाही तर आम्ही कशाला ओळखायचं?" आणि मग हसू नाही, फक्त डोक्यावरून डोक्यावर जाणारी ती गोष्ट ऐकू येत राहिली: आई ओळखत नाही, आई ओळखत नाही.

कासिमिरो म्हणाला, हा देवाचा अपमान आहे. म्हणाला, तुम्हाला पुढच्या वर्षी खांदा देणार नाही. त्रान्सितोने सांगितलं की पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी, आज तर खांदा आमचाच आहे आणि तो दुखायला अजून बराच अवकाश आहे. ऊन चढत होतं. समोर प्रभूच्या पालखीखाली पुरुष पाय बदलायला लागले. त्यांची पालखी आमच्यापेक्षा जड, क्रूसामुळे. एका तरुणाने हाक दिली, "दॉन कासिमिरो, खांदे गेले हो." कुणीतरी त्याला गप्प केलं. पण थोड्या वेळाने गप्प करणाऱ्याचाच पाय लटपटला. आमच्या बायका हलल्या नाहीत. त्यांच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता. एकीच्या ओठातून रक्त आलं होतं, तिने ते जिभेने टिपलं.

कासिमिरोने फादरांना हाताला धरून आणलं. यांना आज्ञा करा, म्हणाला. फादर अबेलिनोंनी आईकडे पाहिलं, मग प्रभूकडे, त्या तारेकडे. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"मी त्या दिवशी 'केसांसकट' म्हणालो होतो," ते म्हणाले. "मला ते मागे घेता येत नाही, दॉन कासिमिरो. माझं स्वतःचं असतं तर घेतलं असतं." आणि ते जाऊन शिडी घेऊन आले. स्वतः. त्यांचा पांढरा झगा शिडीत अडकला, तो त्यांनी दाताने सोडवला.

नायलॉन त्यांनीच उतरवलं. तार सोडवायला वेळ लागला. किरण त्यांनी उतरवून कासिमिरोच्या हातात दिले. आणि मग आमचा प्रभू भर उन्हात, सगळ्या गावासमोर, उघड्या डोक्याने उभा राहिला. गुळगुळीत लाकूड, वरती तीन भोकं. आम्ही बायकांनी ते डोकं पुष्कळदा पाहिलं आहे. गावाने कधी पाहिलं नव्हतं. दवाखान्यात आपल्या माणसाला उघडं पाहावं लागतं तेव्हा लोक करतात तसं सगळ्यांनी खाली पाहिलं. एक-एक करून गुडघे टेकले. कासिमिरो मात्र पाहत राहिला. तो आयुष्यभर त्या डोक्यावर किरण खोवत आला होता, पण केसांखाली काय आहे ते त्याने फक्त बोटांनी पाहिलेलं.

मी आईच्या झग्याखाली हात घातला. टोप तिथे होता, आतल्या अस्तराला टाचून ठेवलेला; सकाळपासून तीच तो वागवत होती. फादरांनी शिडी धरली. माझे गुडघे पहिल्यासारखे नाहीत, मी हळू चढले. टोप बसवला. कमरेची फणी काढून विंचरलं, भांग पाडला, मागचे केस क्रूसावरून सोडले. वारा आला आणि सगळे दालचिनी केस एकदम उठले आणि त्याच्या खांद्यावर पडले. गर्दीतून एक आवाज निघाला. त्याला शब्द नव्हते.

मी खाली उतरले. कासिमिरोच्या हातात किरण होते, रुमालात गुंडाळलेले.

"आता तुमचं," मी म्हटलं.

तो हलला नाही.

"आम्ही त्याचं देवपण काढून घ्यायला आलो नाही, दॉन कासिमिरो. ते तुमच्या हातात आहे. तो देव नसता तर मी रोज पहाटे कुणासाठी उठते? पण आधी केस, मग किरण. केस झाले. चढा."

मला वाटलं, तो निघून जाईल. रुमालाच्या गाठीवर त्याचा अंगठा फिरत होता. मग त्याने टोपी काढून फादरांकडे दिली आणि शिडी चढला. किरण खोवायचे तर केसांत बोटं घालावीच लागतात. त्याने ती घातली. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पाहिलं नाही. मी मुद्दाम खाली पाहिलं. तो खाली उतरला तेव्हा तिन्ही किरण सरळ उभे होते. तो आपल्या जागेवर, पालखीच्या पुढे, जाऊन उभा राहिला.

त्रान्सितोने हात वर केला. आई वाकली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा इतकी खाली की तिच्या झग्याची कड भुश्याच्या रांगोळीला लागली. समोरून प्रभू वाकला आणि त्याचे केस पुढे आले, तोंडावर पडले. बँड सुरू झाला. आता दोन्ही पालख्यांनी वळून एका रस्त्याला लागायचं होतं.

त्या वळणावरच फिदेलिनाचं दुकान. दार अर्धवट बंद, ती चौकटीत उभी, डोक्याला रुमाल नव्हता. गर्दीत यायचं तिने टाळलं होतं. आमची पालखी तिथे आली आणि त्रान्सितोने पुन्हा हात वर केला. हे कुणी ठरवलं नव्हतं, मला विचारलं असतं तर कदाचित मी नको म्हटलं असतं. आई दाराकडे वळली आणि त्या दारातल्या आईसमोर वाकली. मागे मंडळाचे पुरुष चालत होते. तेही तिथे थांबले.

मी झग्याची कड धरून अगदी तिच्याजवळून जात होते. प्रभू पुढे गेला होता, पाठमोरा, आणि ते केस त्याच्या पाठीवर हलत होते. फिदेलिना ते पाहत आपल्या उघड्या मानेवर हात ठेवून उभी होती.

"माझं फिटलं, नीन्या," ती म्हणाली. "आता पाळी त्याची."

एवेलियोचा फोन अजून आलेला नाही. मी रोज पहाटे प्रभूला त्याची आठवण करून देते. विनवणी करत नाही आता. आठवण करून देते.